सरकता मांडव

लग्नाला माणसं किती येतील हे आधीच नक्की सांगणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाही तर त्याला नातेवाईकच नसतात. हे माझं ठाम मत आहे आणि माझं पोटही त्यावरच चालतं. पत्रिकेवर आपण हौसेने ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापतो आणि लोक खरोखरच सहपरिवार आले की आचाऱ्याकडे बघत कपाळाचा घाम पुसतो. माणूस चंद्रावर वस्ती करायला निघाला, पण आमच्या सांगली जिल्ह्यात लग्नाला किती पानं पडतील हे अजून कुठल्याही यंत्राला सांगता आलेलं नाही.

आमच्या घरात जागा कमी पडली म्हणून एक भाऊ गेला. मेला नाही हो, रुसला. माझ्या सारिकावहिनींचा धाकटा भाऊ संपतराव. त्याचा कोईमतूरला सोनं गाळायचा धंदा. दादाने नवं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला तो एवढ्या लांबून बहिणीसाठी साडी घेऊन आला. घरात ही गर्दी. पंगतीमागून पंगत उठली, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘या, सरका जरा, ह्यांना बसू द्या’ असं कुणीही म्हटलं नाही. वहिनी आत पूजेला बसलेल्या, त्यांना पत्ताच नाही. संपतरावाने साडी उंबऱ्यावर ठेवली आणि तो आला तसा निघून गेला. त्यानंतर फोन नाही, येणं नाही. वहिनी भाऊबीजेला ताट तयार करून वाट बघायच्या आणि शेवटी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायच्या. सख्खा भाऊ धडधाकट असताना चंद्राला ओवाळणारी बाई मी ती एकच पाहिली. ते बघून मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा, दोघांचाही.

आता वहिनींच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न ठरलं होतं. ईश्वरी गुरांची डॉक्टर आहे आणि बोलायला तिच्या बैलांपेक्षा सरळ. आमच्याकडे नवरीला मामा हात धरून बोहल्यावर आणतो. आता मामाच रुसलेला, तेव्हा कुणी म्हणालं चुलतमामा चालेल, कुणी म्हणालं शेजारचा चालेल.

“उसना मामा नको,” ईश्वरीने सांगून टाकलं. “माझा मामा आला तर त्याचा हात धरीन. नाही आला तर माझे पाय आहेत, मी एकटी चालत येईन.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कारण मांडव माझा होता.

हा मांडव बांबू-कापडाचा नव्हे. गावाबाहेर मुळीक अण्णांचा एक खडकाळ माळ आहे, त्यावर आम्ही रुळांची जाळी अंथरली आहे. तिच्यावर हलक्या तंतूंचे खण उभे राहतात, भिंती सरकतात, छत छत्रीसारखं उघडतं आणि मिटतं. खुर्च्यांना चाकं आहेत आणि बैठकीला एक पातळ पापुद्रा. कुणी टेकलं की खुर्चीला कळतं आणि खुर्ची मांडवाला सांगते. शेवटच्या ओळी भरत आल्या की मांडव आपला आपण वाढतो. ‘जागा नाही’ हे शब्द माझ्या मांडवात कुणाच्या कानावर पडू नयेत, एवढ्यासाठी मी अनेक वर्षं घालवली.

मांडवाचा मेंदू मधल्या खांबात आहे आणि तो शेंगदाण्याएवढा आहे. हल्ली प्रोग्रॅम कुणी लिहीत नाही. आपण बोलायचं आणि मोठ्या यंत्राने लिहायचं. पण ती भलीमोठी यंत्रं शेंगदाण्यात मावत नाहीत. तिथे अजूनही जुनी सी भाषाच लागते. माझ्या हाताखालच्या पोरींना सी म्हटलं की आजीचं लुगडं नेसायला सांगितल्यासारखं वाटतं. मला मात्र तिचा स्वभाव आवडतो. ती लाड करत नाही. जागा हवी तर मागा, वापरून झाली की परत करा, विसरलात तर भोगा.

सीमध्ये एकाच प्रकारच्या गोष्टी ओळीने ठेवल्या की त्या ओळीला अ‍ॅरे म्हणतात. आपण तिला पंगत म्हणू. पंगतीचं वैशिष्ट्य असं की ती सलग असते. पहिलं पान कुठे मांडलं आहे एवढं कळलं की पुढचं कुठलंही पान मोजून सापडतं. अडचण एवढीच की साध्या पंगतीत किती पानं ते आधी सांगावं लागतं आणि मग ती वाढत नाही. आणि आकडा आधी माहीत नसणं हाच तर लग्नाचा धर्म आहे. म्हणून दुसरी सोय आहे. प्रोग्रॅम चालू असतानाच संगणकाच्या स्मृतीतल्या मोकळ्या रानातून जागा मागून घ्यायची. त्या हुकमाचं नाव मॅलॉक. ती पुरली नाही तर रिअ‍ॅलॉक, म्हणजे हीच पंगत मोठी करून दे. काम झालं की फ्री, म्हणजे घे बाबा तुझी जागा परत. मागताना आम्ही एकेक पान वाढवून मागत नाही, एकदम दुप्पट मागतो. नाही तर प्रत्येक पाहुण्याला सगळी पंगत उठवावी लागली असती आणि लोक जेवले कधी असते?

आता रिअ‍ॅलॉक काय करतो ते बघा. शेजारची जागा मोकळी असेल तर तो पंगत तिथल्या तिथे लांबवतो. शेजारी दुसऱ्या कुणाची पंगत बसली असेल, तर तो रानात दुसरीकडे मोठी जागा शोधतो, सगळ्यांना आपापल्या क्रमाने तिकडे नेऊन बसवतो आणि जुनी जागा सोडून देतो. माझा मांडवही अगदी हेच करतो. फरक एवढाच की संगणकात आकडे हलतात आणि माळावर माणसं, खुर्च्यांसकट.

यात एकच मेख आहे. पंगत हलली की तिचा पत्ता बदलतो. पत्ता जपून ठेवणाऱ्या खुणेला सीमध्ये पॉइंटर म्हणतात. ज्याच्यापर्यंत नवा पत्ता पोचला, त्याचं ठीक. ज्याने जुना पत्ता खिशात ठेवला, तो बिचारा जुन्या जागी जातो. तिथे काहीच नसलं तर एका परीने बरं, ठेच लागून तरी कळतं. पण तिथे एव्हाना दुसऱ्याच कुणाची पंगत बसली असेल तर तो त्यांच्यात मुकाट्याने बसतो. काही आपटत नाही, कुणी ओरडत नाही, सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं आणि चुकीचं चालतं. माझे निम्मे केस अशाच चुका शोधण्यात पिकले. म्हणून मांडव हलला की आम्ही नोंदवलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनला आणि गाडीला नवा पत्ता आपोआप पाठवतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी वहिनी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. हातात हळदीची वाटी, आणि नजर मात्र माझ्या हातातल्या संगणकाच्या पडद्यावर.

“हेमाताई, संपतला जागा कुठली ठिवलीसा?”

“येणार आहे?” मी विचारलं.

“ते मला इचारू नका. जागा सांगा.”

मी पडदा पाहून सांगितलं. बोहल्याच्या बाजूची, दुसऱ्या ओळीतली पहिली खुर्ची. आणि गाडीला समजेल अशी माळावरची खूणही सांगितली, उंबराच्या झाडासमोरच्या दाराची. “नाव नोंदवू का त्याचं? म्हणजे गाडीला सगळं कळत राहील.”

“नको ओ. नाव टाकलं आन् आला न्हाय, तर समद्या भावकीला मांडवातल्या मोठ्या पडद्यावर मोकळी खुर्ची दिसंल. मग घरी जाऊन तेच चघळत बसतील.”

मला ते पटलं. वहिनींनी जाऊन त्या खुर्चीवर आपला रुमाल टाकला, चारी टोकं नीट सारखी केली आणि त्या स्वयंपाकाकडे गेल्या. आणि मी, जी पोरींना रोज घसा कोरडा करून सांगते की पत्ता असा मोकळा कुणाच्या हातात देऊ नका, त्याची नोंद ठेवा, तीच मी खुशाल तोंडी पत्ता देऊन दुसऱ्या कामाला लागले.

मुहूर्त गोरज होता. ऊन उतरायला लागलं तशी माणसं यायला लागली. आता हा मांडव मी वाळूची पोती बसवून तपासला होता, शाळेची पोरं पळवून तपासला होता, ईश्वरीने तर हट्टाने एक कालवडही फिरवून आणली होती. पण माझ्यासकट एकाही शहाणीच्या डोक्यात रुमाल आला नव्हता.

आपल्याकडे पहिला पाहुणा मांडवात शिरला की तो आधी बसत नाही. तो जागा धरतो. कराडच्या आमच्या मावशी एकट्याच आल्या आणि त्यांनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रुमाल, पिशवी, पर्स, नातवाचा स्वेटर, चष्म्याचं घर असं सगळं मांडून ठेवलं. “ही जावयाची, ही त्येच्या आईची, ही त्येंच्या शेजारणीची,” असं म्हणत शेवटच्या खुर्चीवर त्यांनी एक नारळ ठेवला. “आन् ही कोण यील त्येची.” तान्ह्या बाळाचीसुद्धा खुर्ची मोजली जावी म्हणून आम्ही ठरवलं होतं की बैठकीला काहीही टेकलं की खुर्ची भरली. त्यामुळे डोळ्यांना मांडव अर्धा रिकामा दिसत होता आणि खांबातल्या मेंदूच्या मते तो गच्च भरला होता.

झालं. घंटा वाजली. मेंदूने दुप्पट जागा मागितली. शेजारी शिर्क्यांच्या लग्नाचा असाच मांडव उभा, तिकडे वाढायला वाव नाही. मग मांडवाने माळाच्या पलीकडे, विहिरीशेजारी जागा शोधली आणि आमचं सगळं लग्न उठून चालायला लागलं. खुर्च्या हळूच सुटल्या, ओळीने सरकल्या. वाजंत्रीवाले वाजवतच होते. भटजी पाटासकट निघाले, त्यांनी फक्त समईला हात लावून धरला. म्हाताऱ्या आधी रामराम म्हणू लागल्या आणि पोचल्यावर म्हणाल्या, “आनखी एकदा!” कुणाच्या हातातलं सरबत सांडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुळीक अण्णांनी मिशीवरून हात फिरवला, आणि मीही फुगले, खोटं कशाला सांगू. आमची जुनी जागा मोकळी झाली. तेवढ्यात शिर्क्यांचे रुमालही भरले होते, त्यांचा मांडव लगेच त्या जागेवर पसरला. उंबरासमोरचं दार आता त्यांचं झालं.

पश्चिमेला लाली चढली तशा वहिनी धावत आल्या. धावताना पाहून मला आधी वाटलं भात करपला.

“हेमाताई, संपत आला!”

“कुठे आहे?”

“तेच तर! फोन आलता. म्हणला, अक्का, गाडी झाडापाशी थांबलीया, उतरतोय. मी म्हटलं ये, तुझी जागा धरून ठिवलीया. मग फोन ठिवला त्येनं. आता लावते तर बंद लागतोय. आन् हितं तर कुठंच न्हाय.”

“वहिनी, त्याला पत्ता कुठला दिला होता?”

“तुम्ही सकाळी सांगितला त्योच की.”

मी वहिनींना ईश्वरीजवळ पाठवलं आणि साडीचा ओचा वर धरून माळावरून पळत सुटले. इतक्या वर्षांनी तो बहिणीच्या शब्दावर आला, आणि त्या शब्दाच्या जागी परक्याचं लग्न! वास्तुशांतीला निदान घर तरी बहिणीचं होतं. आता तो परत फिरला असता तर पुन्हा या जन्मात आला नसता.

शिर्क्यांच्या मांडवात शिरताच एका बाईने माझ्या हातावर अत्तर लावलं, दुसरीने गजरा दिला, तिसऱ्याने सरबताचा पेला हातात कोंबला. तुम्ही कोण, असं एकानेही विचारलं नाही. लग्नात ते कधीच कुणी विचारत नाही. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडची असेल, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची. जुना पत्ता घेऊन आलेला माणूस इथे हयातभर सुखाने नांदला असता. मी ओळी शोधल्या, जेवणघर शोधलं, शेवटी नवरीच्या खोलीत डोकावले.

संपतराव तिथे होता. डोक्याला नवाकोरा फेटा, अंगात सफेद झब्बा, कानाजवळचे केस पांढरे झालेले. शेजारी शिर्क्यांची शर्वरी नटूनथटून उभी, डोळे रडून लाल, आणि तिचा हात याच्या हातात.

“संपतराव!” मी दम घेत म्हटलं. “अहो, हे काय?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड कडू झालं. “आलात व्हय हेमाताई. अक्कानं सांगितली त्या जागी आलो. बगतो तर दुसऱ्याचंच लगीन. एक तोंड वळखीचं न्हाय. म्हटलं, गेल्या वेळी दारात हुबा केलता, आता दारच बदललं. फोन बंद केला आन् निघालो माघारी.”

“मांडव हलला हो! वहिनींचा काही दोष नाही, पत्ता मी दिला होता. तुम्हाला नवा कळवायला हवा होता, तो कळला नाही. तिकडे तुमच्या अक्काने तुमच्या खुर्चीवर सकाळपासून रुमाल टाकून ठेवलाय, आणि ईश्वरी म्हणते मामा आला नाही तर एकटी येईन.”

“एकटी?” संपतरावाचा आवाज एकदम उतरला. “एकटी का म्हणून?”

“उसना मामा नको म्हणते.”

त्याने फेट्याचा शेव डोळ्यांना लावला. मग शर्वरीकडे पाहिलं आणि तो अडकला. “निघालो व्हतो तर ही पोरगी दारात रडत हुबी. हिचा मामा समुद्रातल्या पवनचक्कीवर कामाला. वादळ हाय, बोट सुटंना. मी म्हटलं, रडू नगंस, मी धरतो तुझा हात. शब्द दिलाय हेमाताई. आता कसा सोडू?”

“काका, तुम्ही जा,” शर्वरी म्हणाली. “तुमची भाची वाट बघतेय.” म्हणाली खरी, पण तिने हात काही सोडला नाही.

“मुहूर्त कधीचा तुमचा?” मी तिला विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कळलं. गोरज. सगळ्या माळाचा एकच.

संपतराव म्हणाला, “मला हात दोन हायत. दोन पोरी धरता येत्याल. पर एक हितं आन् एक हिरीजवळ, ते कसं जमायचं?”

मामा हलवता येत नव्हता. मग मांडवच हलवायचा. मी हातातला पडदा उघडला. शिर्क्यांच्या मांडवाला लागून एक पट्टा मोकळा होता, पण आमचा मांडव त्यात मावेना. निदान मेंदूच्या हिशेबाने मावेना. खरी माणसं तेवढी मोजली तर मात्र आरामात मावत होता. रिअ‍ॅलॉकने जागा मोठीच मागावी असं कुठे आहे? लहानही मागता येते. फक्त अडवून ठेवलेल्या जागा आधी सोडाव्या लागतात.

“दोन्ही मांडव चिकटवून मधली भिंत वर घेते,” मी दारात भेटलेल्या मुळीक अण्णांना सांगितलं.

“आवो, दोन पार्ट्या एका मांडवात?” अण्णा दचकले. “कोण कुणाचं जेवलं ते कसं कळायचं?”

“आत्ता तरी कुठे कळतंय, अण्णा? माझ्या हातात शिर्क्यांचं सरबत आहे.”

अण्णांनी पेल्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “करा काय ते. पर लगीन चुकू देऊ नका, एक बी.”

मी आमच्या मांडवात आले तेव्हा भटजींनी घसा साफ करायला घेतला होता. मी त्यांच्या पुढ्यातला माईकच उचलला आणि सांगितलं, मंडळी, मामा सापडलेत, मांडव त्यांच्याकडे न्यायचा आहे. फक्त रिकाम्या खुर्च्यांवरचे रुमाल तेवढे उचला.

एक माणूस हलला नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या रुमालाकडे बघत बसला. कराडच्या मावशींनी नारळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आधी त्यांनी उचलू द्यात, मग आमी.” पलीकडून उत्तर आलं, “आमचा जावई गाडीत हाय, पोचतोय.” सूर्य टेकत होता. माझ्या जिभेवर चार वाईटसाईट शब्द आले, पण माईक चालू होता.

तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या खुर्चीपाशी गेल्या, स्वतःचा रुमाल उचलला आणि कमरेला खोचला.

“अगं सारिका,” मावशी म्हणाल्या, “ती तुझ्या भावाची न्हवं का? त्यो मग बसायचा कुठं?”

“माझा भाऊ बसायला आलेला न्हाय, मावशी,” वहिनी म्हणाल्या. “पोरीमागं उभा ऱ्हायला आलाय.”

मग मावशींनीच आधी नारळ उचलला. त्यामागोमाग चष्म्याचं घर, स्वेटर, पर्स, कुणाचा तरी जेवणाचा डबा आणि मग सगळे रुमाल उठले. मधल्या खुर्च्या मोकळ्या झाल्या तशा त्या बाजूला निघाल्या आणि मागच्या ओळी पुढे सरकल्या, कारण पंगतीत मध्ये भोक ठेवून चालत नाही. “सरका, सरका,” करत माणसं एकमेकांना खेटली. मेंदूने पुन्हा मोजलं आणि या वेळी बरोबर मोजलं. घंटा वाजली. आमचं आटोपशीर झालेलं लग्न विहिरीजवळून निघालं आणि डुलत डुलत शिर्क्यांच्या भिंतीला येऊन टेकलं.

मी भिंत वर घेतली.

पलीकडे संपतराव शर्वरीचा हात धरून उभा होता. अलीकडे ईश्वरीचा हात धरून वहिनी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं आता गळ्यात पडतील, मी पदरही डोळ्यांकडे नेला.

“काय रं,” वहिनी कडाडल्या, “इतकी वर्सं तोंड फिरवून बसलास, आन् आलास तर दुसऱ्याच्या पोरीचा मामा झालास?”

“तू आधी सांग, तुझा मांडव हाय का येस्टी?” संपतराव तेवढ्याच जोरात बोलला. “पत्ता देतीस एक आन् लगीन घेऊन जातीस हिरीवर!”

“फोन बंद करायला कुणी सांगितलं हुतं?”

“आन् त्या दिवशी मी दारात हुबा व्हतो तवा तू कुठं व्हतीस?”

“पूजेला बसले हुते रं मुडद्या! बोटाला दर्भ, म्होरं अग्नी. उठता येतंय व्हय? एक हाक मारायची न्हायस?”

“मला वाटलं तू बगितलंस,” तो म्हणाला.

दोन्हीकडची माणसं श्वास रोखून ऐकत होती. मला मात्र इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांच्या अबोल्यापेक्षा हे भांडण कितीतरी गोड होतं. ते आणखी रंगलं असतं, पण ईश्वरी पुढे झाली. तिने आईचा हात सोडला आणि मामाचा दुसरा हात धरला.

“मामा, भांडण जेवताना करा,” ती म्हणाली. “भटजी ताटकळलेत.”

संपतराव दोन्ही हातांना दोन नवऱ्या घेऊन निघाला. दोन बोहली शेजारी शेजारी, दोन अंतरपाट, दोन भटजी. त्यांनी आपापल्या चालीत मंगलाष्टका सुरू केल्या आणि दोघांनाही एकमेकांपेक्षा वर जायचं होतं. आमचे लोक शिर्क्यांच्या ओळीत घुसले, शिर्क्यांचे आमच्यात. मामा मधोमध उभा राहून रडत होता आणि हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट दूर झाले, वाजंत्री कडाडली आणि अक्षता उडाल्या.

वहिनी माझ्या शेजारीच होत्या. मी पाहिलं, त्या मुठी भरभरून अक्षता टाकत होत्या, पण एक दाणा मुलीवर पडत नव्हता की जावयावर. सगळ्या जाऊन संपतरावाच्या फेट्यावर पडत होत्या.

“अहो वहिनी,” मी त्यांच्या कानाशी म्हटलं, “लग्न ईश्वरीचं आहे.”

“म्हाईत हाय मला,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी मला न विचारता माझ्या हातातल्या अक्षताही घेतल्या. “पोरींवर टाकायला दोन गावं जमल्यात, हेमाताई. त्येच्यावर टाकायला मी एकलीच हाय.”